मदत हवी आहे: पीसीबी पॉटिंगसाठी एपॉक्सी, पीयू (पॉलियुरेथेन) की सिलिकॉन?

नमस्कार मंडळी, अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांसाठी ड्रिपचे कंट्रोलर बनवतो. बॉक्स बागेतच असतो, फवारणीचा ओलावा, मे महिन्यात 40 डिग्री ऊन आणि डिसेंबरात निफाडची कडाक्याची थंडी, म्हणून पीसीबी पॉटिंग करायचंय, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डवर सेट होणारं द्रव ओतून तो पूर्ण झाकायचा. एपॉक्सी चिकटतं मस्त पण कडक, थंडी-उन्हात सोल्डरवर ताण येतो आणि जाड ओतलं की सेट होताना तापतं. सिलिकॉन 200 डिग्रीपर्यंत टिकतं पण महाग, आपल्याला एवढं लागतही नाही. माझा कल पीयूकडे आहे, नरम राहतं. फक्त पावसाळ्यात ओलावा लागला की त्यात गॅस होऊन बुडबुडे येतात, व्हॅक्यूम मशीन नसताना ते कसे टाळता? कोणी बागेत दोन-तीन सीझन पीयू वापरलंय का? प्लीज सांगा, ऐन हंगामात शेतकऱ्याचं पाणी थांबायला नको.