दगडी वाड्यात माडीवर वायफाय पोचत नाही, ९ डीबीआयचा अँटेना घेऊ का?

नयाबाजारवाली:

नमस्कार. आम्ही ग्वाल्हेरला लश्कर भागात राहतो. वाडा पणजोबांच्या वेळचा. भिंती दोन-दोन फूट जाड, दगड-चुन्याच्या, आणि खालच्या मजल्यावरचं छत म्हणजे दगडी पटिया. फायबरचा डबा पुढच्या बैठकीत आहे, राउटर त्याच्याच शेजारी कपाटावर. बाबांची खोली मागच्या बाजूला, माडीवर. मध्ये चौक.

बाबा ७४ वर्षांचे. माधव संगीत महाविद्यालयात शिकले, मग आयुष्यभर गाणं शिकवलं. गुडघ्यांमुळे आता जिना उतरवत नाही, म्हणून खोलीतूनच टॅबलेटवर शिकवतात. पुण्याच्या दोन मुली आहेत, टोरंटोचा एक मुलगा. मंगळवारी यमनचा विलंबित ख्याल चालू होता. मुलगी मुखडा घेऊन समेवर यायची आणि नेमका तिथेच आवाज तुटायचा. बाबांनी तीनदा शांतपणे "पुन्हा घे" म्हटलं. चौथ्यांदा काही बोलले नाहीत. टॅबलेट पालथा ठेवला आणि तानपुऱ्याच्या तारा उतरवायला घेतल्या. मला ते बघवलं नाही.

फोनमध्ये अ‍ॅप घालून सिग्नल मोजला, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. बैठकीत उणे ३८, जिन्यात उणे ७१, बाबांच्या खोलीत उणे ८३. राउटरचे दोन्ही अँटेना फिरवून निघतात, त्यांच्यावर ५ डीबीआय लिहिलंय. बाडा चौकाजवळच्या एका दुकानात ९ डीबीआयची जोडी दाखवली, १२०० रुपये. "रेंज तिप्पट होईल" म्हणाले. घेऊ का?

तारमास्तर:

ताई, जरा थांबा. डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल एका दिशेला किती एकवटतो त्याचं माप, ताकद नव्हे. अँटेना स्वतः काही तयार करत नाही. राउटर जेवढी ऊर्जा देतो तेवढीच तो एका दिशेची काढून दुसऱ्या दिशेला देतो. उभ्या काठीभोवती सिग्नल मेदूवड्यासारखा पसरतो, काठी त्याच्या भोकात. डीबीआय वाढला की वडा चपटा होतो. ९ म्हणजे जवळजवळ थालीपीठच. त्याच मजल्यावर लांबपर्यंत जाईल, पण वर आणि खाली कमीच मिळेल. तुमचे बाबा तर माडीवर.

आता हिशोब करा. ५ वरून ९ म्हणजे ४ डेसिबल. नेमक्या दिशेत अडीचपट ऊर्जा मिळते, पण मोकळ्या मैदानातसुद्धा अंतर दीडपटीच्या जरासं वर जातं. तिप्पट नाही. आणि दोन फुटी दगडी भिंत एकटीच याहून जास्त गिळते, पावसात ओल धरली की आणखी. तुमच्या बैठकीपासून बाबांच्या खोलीपर्यंत सरळ रेघ ओढून बघा, किती भिंती आणि किती पटिया आडव्या येतात. त्यातून बाबांचा टॅबलेट ५ गिगाहर्ट्झवर जोडलेला असेल तर तो दगडाआड २.४ पेक्षा लवकर हात टेकतो.

दोन गोष्टी सांगा. खोलीला चौकाकडे खिडकी आहे का? आणि फायबरचा डबा व राउटर वेगवेगळे आहेत की एकच?

दौलतगंजकर:

अँटेना घेतलाच तर जोड आधी तपासा. मी घाईत साध्या एसएमए जोडाचा अँटेना घेऊन आलो. राउटरवर आरपी-एसएमए होता, म्हणजे राउटरच्या बाहेरून आटे आणि मधोमध टाचणी. माझ्या अँटेनाच्या आतून आटे, पण मध्ये टाचणीच. दोन टाचण्या समोरासमोर आल्या, अर्ध्यावर अडलं, मी जोर लावला आणि राउटरची टाचणी वाकली. तुम्हाला आतून आटे आणि मध्ये भोक असलेला लागेल. दोन अँटेना आहेत तर दोन्ही एकाच जातीचे बदला.

शिवाय अँटेना लांब नेण्यासाठी बारीक वायर मिळते, तिच्या मोहात पडू नका. २.४ वर ती मीटरमागे दीड डेसिबल तरी खाते. तीन मीटर ओढलीत की विकत घेतलेले ४ डेसिबल वायरीतच संपले.

नयाबाजारवाली:

खिडकी आहे, थेट चौकात उघडते. तिच्या समोरच खाली ओसरी. डबा आणि राउटर वेगळे आहेत, मध्ये हातभर केबल.

जाऊबाई म्हणतात जिन्यात रिपीटर लावू. तो कसा राहील?

तारमास्तर:

मग तुमचं काम फार स्वस्तात होईल. जिन्यात मुळातच उणे ७१ येतंय, रिपीटर तेच पडकं पुढे देणार. साधा रिपीटर एकाच चॅनलवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. व्हिडिओ बघायला चालेल, गाणं शिकवायला मी तरी सुचवणार नाही.

डबा बैठकीतच राहू द्या, राउटर तेवढा ओसरीवर आणा. मध्ये कॅट ६ केबल टाका. ती १०० मीटरपर्यंत चालते, १५ मीटरचं तिला काहीच नाही. ओसरीवरून खिडकीपर्यंत मध्ये फक्त हवा आहे. जुने अँटेनाच ठेवा. एक उभा, दुसरा असा कलता करा की त्याचं टोक नव्हे, कूस खिडकीकडे येईल. टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी असतो, आणि पुष्कळ लोक नेमकं टोकच रोखून धरतात.

नयाबाजारवाली:

रविवारी केलं. केबल दरवाज्याच्या चौकटीवरून नेली, दगड फोडावा लागला नाही. ओसरीच्या तुळईला फळी ठोकून राउटर तिच्यावर ठेवला, पावसाची झड पोचणार नाही इतका आत. आधी कोनाड्यात ठेवून पाहिला होता, तिथे तिन्हीकडून दगड, खोलीत उणे ७४. फळीवर आणल्यावर उणे ६६. दुसरा अँटेना कलता केला तेव्हा उणे ६२. खिडकीची लाकडी झडप लावून घेतली तरी उणे ६४ राहतं, म्हणजे थंडीत बाबांना खिडकी उघडी ठेवून बसायला नको.

काल टोरंटोच्या मुलाचा तास होता. मी खाली चौकात तुळशीला पाणी घालत होते. वरून बाबांचा ठेका ऐकू येत होता, मांडीवर हाताने धरलेला. मुलगा समेवर आला आणि बाबांची "हां!" लगेच त्याच्यामागे. तास सव्वा तास चालला. जेवायला बोलवायला मी वर गेले, तेव्हा तानपुरा अजून जुळलेलाच होता.

अँटेना घेतला नाही.