लायन काउंटी: जुनं नाव पुसलं ते बरंच केलं, पण नवं कोणाचं दिलं?

रानवारा
अमेरिकेत कॅन्सस राज्यात एम्पोरिया गाव ज्या काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात येतं, तिचं मूळ नाव ब्रेकिनरिज. १८५५ साली गुलामगिरीच्या बाजूच्या विधिमंडळाने केंटकीच्या या पुढाऱ्याचं नाव दिलं. पुढे तो उपराष्ट्राध्यक्ष झाला आणि उत्तर-दक्षिण यादवी पेटल्यावर दक्षिणेच्या बंडखोरांना जाऊन मिळाला. डिसेंबर १८६१ मध्ये सिनेटने त्याला हाकललं. १८६२ मध्ये कॅन्ससने त्याचं नाव खोडून जनरल नॅथॅनिएल लायनचं लावलं. यादवीत मारला गेलेला उत्तरेचा पहिला जनरल तो, विल्सन्स क्रीकच्या लढाईत पडला. मला हे नामांतर मनापासून पटतं. फितुराचं नाव का मिरवायचं? त्याच राज्यात डेव्हिस काउंटीने बंडखोरांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिसचं नाव १८८९ पर्यंत वागवलं, मग गिअरी केलं. त्या मानाने हे लोक लवकर जागे झाले.

ओढ्याकाठी
ब्रेकिनरिज गेला, उत्तम. पण लायन?? १५ मे १८५० ला कॅलिफोर्नियात क्लिअर लेकच्या बेटावर याच लायनच्या सैनिकांनी पोमो या मूळ रहिवाशांची कत्तल केली. मेलेल्यांत बहुतेक बायका-पोरं. कारण काय, तर केल्सी आणि स्टोन या दोन गोऱ्यांचा खून. ते दोघे पोमोंना गुलामासारखं राबवत, उपाशी ठेवत. आणि बेटावरच्या बहुतेकांचा त्या खुनाशी संबंधही नव्हता. नीका नावाची सहा वर्षांची पोर पाण्याखाली लपून, लव्हाळ्याच्या पोकळ काडीतून श्वास घेत वाचली. गुलामगिरीविरुद्ध लढला म्हणून ज्याचं नाव देता, त्याने गुलामांनाच मारलं होतं, हे मला गिळवत नाही.

रानवारा
कत्तल झाली, त्यावर वाद नाही. पण कॅन्ससने नाव कशासाठी दिलं ते बघा ना. १० ऑगस्ट १८६१, विल्सन्स क्रीक. समोरचं सैन्य दुपटीहून जास्त. लायन दोनदा जखमी, घोडा मेलेला. तो दुसऱ्या घोड्यावर चढला, 'सेकंड कॅन्सस' पलटणीच्या पुढे गेला आणि तिथेच छातीत गोळी लागून पडला. त्या पलटणीतली पोरं याच राज्यातली. त्यांच्या घरच्यांनी हे नाव आपलं मानलं.

मधली वाट
दोघांचंही वाचलं. क्लिअर लेकला १९४२ च्या पाटीवर त्या कत्तलीला 'लढाई' म्हटलं होतं. २००५ मध्ये राज्याने नवी पाटी बसवली, तीवर कत्तलच लिहिलंय, लायनच्या नावासकट. तशी पाटी एम्पोरियातही लावा, नाव राहू द्या.

ओढ्याकाठी
नाही पटत. पाटी जो थांबेल तो वाचतो. काउंटीचं नाव मात्र जन्मदाखल्यावर, सातबाऱ्यासारख्या जमिनीच्या कागदांवर रोज उमटतं. पडला तो एकटा लायन नव्हता. त्या पलटणीचंच नाव द्या ना! रानवारा, तुमचाच मुद्दा आहे हा.

रानवारा
पलटणीच्या नावाला मी हो म्हणेन. पण लायनचं काढायला नाही.