दुसऱ्या वर्षी बूट टांगायचे, तर वसतिगृहाची खोली कोण देणार?

पोलडाइव्ह

ब्युरेट सरांचा 'खेळाच्या सवलतीवर आलेल्या मुलांना चार शब्द' हा लेख परवा वाचला. तेव्हापासून जीव तळमळतोय, म्हणून वेगळा धागा काढते. सरांचं म्हणणं थोडक्यात असं: फीमाफी घेऊन आलेल्या खेळाडूने हवं तर पहिलं वर्ष खेळावं, दुसऱ्या वर्षी बूट खुंटीला टांगावेत आणि पुस्तक हातात धरावं. 75 टक्के हजेरी भरली नाही, तर विद्यापीठाचा कर्णधार असला तरी सर सही करणार नाहीत.

सर, फीमाफी कशाबद्दल असते? मी खो-खोवर बी.एस्सी.ला आले. फी माफ, वसतिगृह माफ, मेसचं निम्मं बिल कॉलेज भरायचं. त्या बदल्यात सकाळी साडेपाचला मैदान आणि संध्याकाळी साडेचारला परत मैदान. केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल दोन ते पाच. म्हणजे दर मंगळवारी टायट्रेशनचं शेवटचं रीडिंग सोडून पळायचं, नाहीतर पीडी सरांची, म्हणजे क्रीडा संचालकांची, बोलणी खायची. खांबाजवळ सूर मारून, म्हणजे पोल मारून मारून, गुडघे सोललेले असायचे. तासाला बसलं की खपली सलवारला चिकटायची आणि उठताना निघून यायची. दुसऱ्या वर्षी बूट टांगले असते, तर त्याच दिवशी खोली गेली असती. घरी दोन म्हशी आणि वडिलांची रोजंदारी. सांगलीत खोली करून राहणं मला कुठून परवडणार होतं?

वेस्ट झोनच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेलो त्याच आठवड्यात अंतर्गत परीक्षा लागली. परत आल्यावर विभागात गेले, तर म्हणाले, पुन्हा घेता येत नाही. दोन विषय राहिले, एटीकेटी लागली. पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकावर मात्र करंडक हातात धरलेला माझाच फोटो.

माझं मागणं एवढंच आहे. विद्यापीठाचं पत्र असेल तर अंतर्गत परीक्षा पंधरा दिवसांत पुन्हा घ्या, प्रॅक्टिकलची बॅच बदलून द्या, आणि हे प्रवेशाच्या वेळीच कागदावर लिहून द्या. मुलांनी खेळ सोडावा म्हणून सांगण्याआधी कॉलेजने वेळापत्रक बघावं.

ब्युरेट

ताई, तुमचा राग कळला. आता माझं ऐका. माझा एक विद्यार्थी विद्यापीठाच्या कबड्डी संघाचा चढाईपटू होता. अतिशय गुणी पोरगा. दोन वर्षं त्याच्या हजेरीवर मी डोळे मिटून सह्या केल्या. जर्नलही मित्राने लिहिलेलं, तेही मला माहीत होतं. तिसऱ्या वर्षी खांदा निखळला. संघाबाहेर गेला, तसं त्याला कोणी विचारेना. चार विषय राहिले ते राहिलेच. आज तो एका मंगल कार्यालयात रात्रपाळीचा वॉचमन आहे. दिवाळीला घरी येतो, पाया पडतो, आणि मला त्याच्याकडे बघवत नाही. त्याचं नुकसान माझ्या सह्यांनी केलं. म्हणून मी सही करत नाही. खेळाडूंचा मला द्वेष नाही.

तांबडीमाती

सर, तुमच्या जागी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर आठवा. खाशाबा जाधवांना 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा त्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. वैयक्तिक खेळातलं स्वतंत्र भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक त्यातून आलं. त्यांनी खाशाबांना बूट टांग म्हणून सांगितलं असतं तर?

ब्युरेट

आणि पदकानंतर? खाशाबांना पोलीस खात्यात फौजदाराची नोकरी मिळाली ती 1955 साली. ऑलिंपिक पदकवाल्याला तीन वर्षं थांबावं लागलं. माझ्या वर्गातल्या झोनलपर्यंत पोचलेल्या पोराने किती थांबायचं?

मोगरा

मला यातलं एकच बोलायचंय. माझ्या मुलीला दहावीला 91 टक्के. तिला हवं ते कॉलेज अर्ध्या टक्क्याने हुकलं. तिच्याच वर्गातला मुलगा खेळाचे वाढीव गुण घेऊन तिच्या पुढे गेला. 500 पैकी 25 म्हणजे सरळ 5 टक्के! ती तीन वर्षं पहाटे उठून अभ्यास करत होती, ती मेहनत नव्हती का? त्या रात्री जेवली नाही पोर.

तांबडीमाती

वहिनी, 25 ही वरची मर्यादा आहे, सगळ्यांना मिळत नाहीत. जिल्ह्याला खेळून आलेल्याला कोणी 25 देत नाही. आणि पुढे इंजिनिअरिंगला प्रवेश सीईटीच्या पर्सेंटाइलवर होतो, तिथे हे गुण कोणी धरत नाही.

मोगरा

मी अकरावीचं बोलतेय. माझ्या मुलीची अकरावी परत येणार आहे का? शिवाय ती प्रमाणपत्रं कशी मिळतात तेही सगळ्या गावाला माहीत आहे. कधी कोणी खेळताना पाहिला नाही असा खेळ, आणि राज्यस्तराचा शिक्का.

पोलडाइव्ह

बोगस प्रमाणपत्रांवर सर्वात जास्त जळतो तो आमचा जीव. त्यावर सरकारी नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं राज्यभर निघाली. त्यातली प्रत्येक जागा कुणा खऱ्या खेळाडूची होती. पण म्हणून मैदानावर रक्त काढलेल्या पोरीलाही तुम्ही त्याच रांगेत उभं करणार? माझं प्रमाणपत्र पडताळणीसाठी विभागीय उपसंचालकांकडे गेलं, तेव्हा सामन्याचा निकाल, संघाची यादी, सगळं जुळवून पाहिलं. दोन महिने पोटात गोळा होता.

मोगरा

तुम्हाला बोलले नाही मी. पण तुमच्या नावाखाली जे शिरतात त्यांचं काय, ते सांगा. खेळाडूंच्या संघटना त्यांच्याविरुद्ध कधी रस्त्यावर उतरल्या? आमच्याच मुलांनी गप्प बसायचं का?

तांबडीमाती

आमच्या तालमीत मुलं खुराकाला महाग आहेत, आणि यांना मोर्चा पाहिजे. एसी क्लासमध्ये बसून 91 काढणं आणि मातीत मान मोडून घेणं एका तराजूत तोलू नका.

मोगरा

एसी क्लास? माझे मिस्टर एसटीत कंडक्टर आहेत. तोंड सांभाळून बोला.

नीरेकाठ

दोघंही थांबा जरा. माझी मुलगी कबड्डी खेळायची. तिला खेळाचीच शिष्यवृत्ती होती. दुसऱ्या वर्षी सामन्यात गुडघ्याचं एसीएल, म्हणजे आतलं लिगामेंट, फाटलं. ऑपरेशनचा खर्च आम्ही केला, म्हैस विकून. कॉलेजने चौकशीचा फोन केला तो खोली कधी रिकामी करणार म्हणून. तेव्हापासून मी ब्युरेट सरांच्या बाजूचा. ग्रेस गुण गेले खड्ड्यात. पोरीच्या हातात पदवी नसती, तर आज ती कुठे असती? तिने वॉकर घेऊन टी.वाय.ची परीक्षा दिली. पहिल्या मजल्यावर वर्ग होता, मी उचलून न्यायचो.

ओहायोकर

माझा मुलगा इथे अमेरिकेत पोहण्याच्या शिष्यवृत्तीवर शिकतोय, म्हणून लिहितो. एनसीएए या कॉलेज खेळांच्या इथल्या संघटनेचा नियम आहे की हंगामात आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त सराव घ्यायचा नाही. तिसऱ्या वर्षात जाताना पदवीचा 40 टक्के भाग पूर्ण पाहिजे, चौथ्यात जाताना 60. नसेल तर पाण्यात उतरायचं नाही. प्रवासाचे तास त्या 20 मध्ये धरत नाहीत, हे खरं. तरी मुलाला विषय निवडून देणारा सल्लागार कॉलेजच देतं. आपल्याकडे जिमखाना आणि विभाग यांनी एका टेबलावर बसायला काय हरकत आहे?

ब्युरेट

तिकडचं कौतुक मीही वाचलंय. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा 2014 चा चौकशी अहवालही वाचलाय. 18 वर्षं नुसते कागदावरचे वर्ग चालले. 3,100 च्या वर विद्यार्थी त्यातून गेले, त्यात जवळजवळ निम्मे खेळाडू. पोरांना गुण मिळाले, शिक्षण मिळालं नाही. मी सह्या केल्या ते हेच होतं.

पोलडाइव्ह

सर, खोट्या सह्या मी मागितल्याच नाहीत. परीक्षा पुन्हा घ्या म्हणतेय, गुण द्या म्हणत नाही. हा फरक तुम्ही प्रत्येक वेळी गाळता.

तुमचा एक मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो, मनाला लागला तरी. मी आज लिपिक आहे ती 5 टक्के खेळाडू आरक्षणातून. पण त्या जागेलाही पदवी लागते आणि लेखी परीक्षा इतरांसारखीच द्यावी लागते. एटीकेटीमुळे माझी पदवी एक वर्ष लांबली आणि एक जाहिरात हातची गेली. माझ्याबरोबर खेळलेल्या तिघींनी पदवी सोडली. त्या माझ्यापेक्षा सरस होत्या. त्यांची प्रमाणपत्रं ट्रंकेत पडून आहेत.

उलटंही बघा. नेमबाज स्वप्निल कुसाळे 2015 पासून मध्य रेल्वेत नोकरीला आहे आणि त्याचं ऑलिंपिक पदक 2024 चं. पगार चालू होता म्हणून तेवढी वर्षं नेम धरता आला. खेळ आणि पोटापाण्याचं एकत्र चालतं, पण ते कुणीतरी चालवून द्यावं लागतं.

नीरेकाठ काका, तुमच्या मुलीच्या फोनचं वाचून हात थरथरले. माझ्या मागण्यांत चौथी घालते: खेळताना दुखापत झाली तर पदवी होईपर्यंत फीमाफी आणि खोली चालू राहिली पाहिजे.

नीरेकाठ

हे आधी लिहायला पाहिजे होतं. पहिल्या तीन मागण्या धडधाकट पोरांच्या आहेत.

1500मीटर

मी एस.वाय.ला आहे. पुढच्या महिन्यात विद्यापीठाच्या निवड चाचण्या, आणि त्याच दोन दिवशी माझं फिजिक्सचं प्रॅक्टिकल. पीडी सर म्हणतात विभागात विचार, विभागात म्हणतात जिमखान्याचं पत्र आण. तीन चकरा झाल्या. खेळ सोडायचा नाहीये आणि विषयही घालवायचा नाहीये. कोणी नेमकं सांगेल का, अर्ज कुणाच्या नावाने करायचा?

ब्युरेट

विभागप्रमुखांच्या नावाने कर, प्रत प्राचार्यांना. निवड चाचणीचं पत्र जोड, आणि कोणत्या बॅचला बसू शकतोस त्या तारखा तूच लिही, त्यांना शोधायला लावू नकोस. आमच्याकडे बॅच बदलायला विभागप्रमुखांची सही पुरते. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नकोस.

पोलडाइव्ह ताई, बॅचचं मान्य. आमच्या विभागात या सत्रापासून करतो, तेवढं माझ्या हातात आहे. अंतर्गत परीक्षेचं कॉलेजच्या बैठकीत मांडेन. हजेरीच्या सहीचं माझं मत आहे तेच आहे.

मोगरा

आणि बोगस प्रमाणपत्रांचं कोणी काही बोललंच नाही शेवटपर्यंत.

1500मीटर

धन्यवाद सर. सोमवारी अकराला देतो अर्ज. सकाळचा सराव आटोपला की तसाच येतो, बूट पिशवीत घालून.