मदत हवी आहे: प्लाझ्मा घेऊ की एलसीडी? आज ठरवायचंय (२०१० मधली चर्चा)

चौकट_४२
नमस्कार मंडळी. ४२ इंची टीव्ही घ्यायचा आहे. दोन मॉडेल नक्की केलीत, एक प्लाझ्मा, एक एलसीडी. बजेटचा प्रश्न नाही, दोन्ही बसतात. दुकानात शेजारी शेजारी पाहिले तेव्हा एलसीडी जास्त उजळ वाटला, पण मित्र म्हणतो प्लाझ्माच घे. संध्याकाळी जाऊन पैसे भरायचे आहेत. लेख वाचून डोकं भणभणलंय, त्यामुळे कृपया लिंका नकोत. कोणता घेऊ ते सरळ सांगा.

रात्रीचा_प्रेक्षक
प्लाझ्मा. दुकानातल्या पांढऱ्या झगझगाटात प्लाझ्मा कधीच खुलत नाही, आणि तिथले एलसीडी सगळ्यात भडक मोडवर ठेवलेले असतात. घरी दिवे मालवून रात्रीचा एखादा प्रसंग लावून बघा. एलसीडीत पडद्यामागचा दिवा सतत पेटलेला असतो आणि पुढचे द्रवस्फटिक तो पूर्ण अडवू शकत नाहीत, म्हणून काळ्याच्या जागी राखाडी दिसतं. प्लाझ्मात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. काळं म्हणजे जवळपास विझलेला ठिपका. एकदा ते काळं डोळ्यांत बसलं की दुसरं काही बघवत नाही.

शंकासुर
थांबा जरा. खोलीत उजेड किती? बसायची जागा पडद्यापासून किती फुटांवर? बघणार काय? दोन्हींचं रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरचे ठिपके, किती? एवढं कळल्याशिवाय कोणीही सांगितलं तरी तो अंदाजच.

चौकट_४२
साधा हॉल आहे हो. सोफ्यावरून बघतो. सगळंच बघतो, बातम्या, सिनेमे, मॅच. मला फक्त नाव सांगा.

फ्यूजवाला
एलसीडी घ्या. प्लाझ्मातला गॅस हळूहळू संपतो, मग परत भरावा लागतो. शिवाय वीज खातो आणि तापतो. आमच्या नात्यात एकांनी घेतलाय, त्यांची खोली गरम होते.

रात्रीचा_प्रेक्षक
गॅसचं कुठून काढलंत? निऑन आणि झेनॉन काचेच्या बारीक कप्प्यांत कायमचे बंद असतात. विजेने त्यातून अतिनील किरण निघतात आणि ते फॉस्फर नावाच्या चमकणाऱ्या लेपावर पडून रंग दिसतो. झिजतो तो फॉस्फर, आणि तोही अगदी सावकाश. कंपन्या उजेड निम्म्यावर यायला ६०,००० ते १,००,००० तास सांगतात. रोज ८ तास धरले तर ६०,००० तासांना २० वर्षं लागतात. कृपया लोकांना घाबरवू नका.

फ्यूजवाला
बरं, गॅसचं सोडा. विजेचं काय?

रात्रीचा_प्रेक्षक
वीज जास्त लागते, मान्य. पण प्लाझ्माचा खप चित्रावर ठरतो. काळोखा सिनेमा असेल तर कमी, बर्फाचा देखावा असेल तर जास्त. एलसीडीचा मागचा दिवा बहुतेक वेळ एकसारखाच खातो.

नवंकोरं
दोन्ही सोडा आणि एलईडी टीव्ही घ्या. आता तेच चालतंय.

शंकासुर
एलईडी टीव्ही म्हणजे एलसीडीच. मागे ट्यूबलाइटसारख्या नळ्यांऐवजी एलईडी दिवे असतात, एवढाच फरक. बरेचसे सेट कडेने दिवे लावलेले असतात. अंधाऱ्या प्रसंगात त्यांच्या कोपऱ्यांतून उजेड पाझरतो, तो एकदा दिसला की दिसतच राहतो.

नवंकोरं
पण पातळ किती असतो ते बघा. भिंतीवर फोटो फ्रेमसारखा बसतो.

जुनी_पिढी
या निमित्ताने सांगतो, प्लाझ्मा पडदा घरच्या टीव्हीसाठी जन्मलाच नव्हता. १९६४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात प्लेटो या शिकवणाऱ्या संगणकासाठी बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन या तिघांनी तो केला. पहिले पडदे नारिंगी, एकरंगी. त्या कप्प्यांना उजळलेलं उजळलेलंच ठेवण्याची स्वतःची स्मृती होती, म्हणून महाग मेमरी वाचायची. वाईट एवढंच वाटतं की पायोनियर कंपनीने कुरोसारखा अप्रतिम प्लाझ्मा सेट काढला आणि गेल्या वर्षी, २००९ मध्ये, टीव्हीचा धंदा सोडत असल्याचं जाहीर केलं.

चौकट_४२
माहिती छान आहे, पण माझ्याकडे संध्याकाळपर्यंतच वेळ आहे. खोक्यावरचे आकडे देतो. प्लाझ्मा १०२४ x ७६८. एलसीडी १९२० x १०८०. म्हणजे एलसीडी दुप्पट चांगला ना?

शंकासुर
ठिपके अडीच पटींहून जास्त आहेत, पण म्हणून दुप्पट चांगला असं नाही. ४२ इंचाला फुल एचडीचे (म्हणजे १९२० x १०८०) ठिपके साधारण साडेपाच फुटांच्या पुढे सुटे दिसत नाहीत. ९-१० फुटांवरून बघणार असाल तर हा फरक जवळपास विरून जातो. म्हणून तर अंतर विचारलं होतं. आणि साध्या चॅनलचं चित्र मुळात ७२० x ५७६ असतं. ते फुल एचडीवर ताणलं की कडा भुरकट होतात.

स्पीकरप्रेमी
अशा टीव्हींचे स्पीकर बहुतेकदा खाली किंवा मागच्या बाजूला तोंड करून असतात. आवाज भिंतीवर आपटून येतो आणि संवाद कळत नाहीत. आधी वेगळे स्पीकर घ्या, मग टीव्ही बघा.

सीमारेषा
मॅच बघणार म्हणालात, तर प्लाझ्मा. एलसीडी प्रत्येक फ्रेम पुढची येईपर्यंत धरून ठेवतो, त्यामुळे धावता चेंडू डोळ्यांना फराटल्यासारखा दिसतो. १०० हर्ट्झवाले, म्हणजे सेकंदाला १०० चित्रं दाखवणारे सेट मधल्या फ्रेम स्वतः तयार करतात. चेंडू सुधारतो, पण सिनेमा नाटकासारखा गुळगुळीत दिसायला लागतो. मात्र प्लाझ्माच्या खोक्यावरचे ६०० हर्ट्झ वाचून हुरळू नका. एका फ्रेमचे १२ उपभाग, गुणिले ५०, एवढाच त्याचा अर्थ.

चौकट_४२
अंतर मोजलं, ९ फूट. समोर मोठी खिडकी आहे, पडदे लावत नाही कारण बाबांना उजेड लागतो. ते सकाळपासून बातम्यांचं चॅनल लावून बसतात, एकच चॅनल. रात्री टीव्हीला संगणकही जोडणार आहे.

शंकासुर
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं! उत्तर इथेच ठरलं. दिवसभर एकच लोगो आणि खालची पट्टी एकाच जागी राहणार. तिथला फॉस्फर बाकीच्यांपेक्षा वेगळा झिजतो आणि डाग उमटतो. हलका उमटला तर जातो, वर्षानुवर्षं चाललं तर राहतो. संगणकाचा टास्कबारही तसाच.

रात्रीचा_प्रेक्षक
चित्र एखाद-दोन ठिपके सरकवत राहण्याची सोय प्लाझ्मात असते, कॉन्ट्रास्टही उतरवता येतो. पण समोर उघडी खिडकी आणि दिवसभर एकच चॅनल, तर मीसुद्धा एलसीडीच म्हणेन. प्लाझ्माच्या पुढच्या काचेत ती खिडकी जशीच्या तशी दिसेल. बाबांना बातम्यांच्या मध्ये खिडकी कशाला?

चौकट_४२
म्हणजे एलसीडी. बाबांची खुर्ची जरा बाजूला असते, त्याने काही बिघडतं?

शंकासुर
बिघडू शकतं. दुकानात समोरून पाहिलात तसा आता खुर्चीच्या कोनातून पाहा. चेहरे फिके आणि धुतल्यासारखे दिसले तर दुसरं मॉडेल मागा. एलसीडी पडद्यांचे आयपीएस आणि व्हीए असे प्रकार असतात: आयपीएस पॅनल बाजूने रंग बऱ्यापैकी धरून ठेवतं, व्हीए समोरून जास्त गडद काळं देतं. बसणार बाबा आहेत, तेव्हा त्यांच्या कोनाला जास्त महत्त्व द्या. आणि पडदा मॅट आहे ना ते बघून घ्या. काही एलसीडीही चकचकीत असतात, मग खिडकी त्यांच्यातही दिसते.

सीमारेषा
घरी आणल्यावर भडक मोड काढून साधा किंवा सिनेमाचा लावा. संगणक जोडलात की ओव्हरस्कॅन बंद करा. मेनूत ते 'जस्ट स्कॅन' किंवा '१:१' अशा नावाने असतं. नाहीतर कडा कापल्या जातात आणि अक्षरं अस्पष्ट दिसतात.