मदत हवी आहे : ग्रामपंचायतीचं जुनं गोदाम आणि सीएमईजीपी

नमस्कार मंडळी. आमच्या बचत गटाला पापड-शेवयांचा कारखाना काढायचाय. ग्रामपंचायतीचं जुनं गोदाम रिकामं आहे. चार पत्रे फुटलेत, आत सध्या पंचायतीच्या तुटक्या खुर्च्या आणि घुशी! सरपंचताई द्यायला तयार आहेत, पण ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणतात, तीन वर्षांपुढच्या करारासाठी जिल्हा परिषदेची मंजुरी आणा. बँकेला मात्र लांब मुदतीचाच करार हवाय.

मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात (सीएमईजीपी) ग्रामीण महिलांना 35 टक्के अनुदान आहे, स्वतःचे 5 टक्के. ते पाच टक्के जमवलेत, कुणी कुणी अंगठ्याही मोडल्यात. अर्ज गटाच्या नावाने करावा की एकीच्या? आणि पत्र्यांचा खर्च प्रकल्प अहवालात धरतात का? जिल्हा उद्योग केंद्रातून फाईल पास करून घेतलेल्या कुणी असेल तर सांगा ना.