रंगीत तांदूळ कुणी केलेत का? (दिवाळी, मुलांची रांगोळी)

नमस्कार मंडळी,
दिवाळीला छोट्यांकडून रांगोळी काढून घ्यायचीय पण हॉलमध्ये कार्पेट, गेल्या वर्षी रांगोळीची पूड त्यात जी बसली ती व्हॅक्यूमनेही निघाली नाही आणि डिपॉझिट गेलं. म्हणून यंदा ट्रेमध्ये रंगीत तांदूळ. घरी करून बघितले, पाण्यात फूड कलर कालवून त्यात तांदूळ टाकले तर चिकट गोळा झाला, रंगही फिकाच. मुलं साधारण 15, वय 4 ते 8.

—

ताई, पाण्यानेच घात केला. तांदूळ भिजला की वरचं पीठ सुटतं आणि दाणे एकमेकांना धरतात, त्यामुळे धुवायचे पण नाहीत. 1 कप कोरडे तांदूळ, 1 टीस्पून पांढरं व्हिनेगर, 8-10 थेंब फूड कलर. रंग आधी व्हिनेगरमध्ये नीट कालवा, जेलवाला असेल तर जास्तच, नाहीतर गुठळीपाशी चार दाणे गडद आणि बाकीचे पांढरे राहतात. मग सगळं झिपलॉकच्या पिशवीत घालून मुलांच्या हातात द्या. माझी लेक पिशवी कानाशी धरून हलवते, आधी ओला जड आवाज येतो आणि रंग सगळीकडे लागला की दाणे सुटे होऊन खुळखुळायला लागतात, तेव्हा ती "झालं!" म्हणते आणि खरंच झालेलं असतं. बेकिंग पेपरवर पातळ पसरा, रात्रभर ठेवा. इथल्या ऑक्टोबरच्या उन्हावर विसंबू नका, रेडिएटरजवळ ट्रे ठेवला तर लवकर वाळतात. व्हिनेगरचा वास वाळल्यावर जातो. लाल आणि जांभळ्याला रंग दुप्पट लागतो. हळदीने पिवळा सुंदर येतो पण हाताला आणि कपड्यांना लागत राहतो, त्या कार्पेटवर तर नकोच. मुलांचे हात कोरडे हवेत, ओल्या हाताला सगळेच रंग सुटतात.

—

मी वयाने मोठी म्हणून लिहिते, राग मानू नका. आमची आई ताटाबाहेर पडलेलं शीत उचलायला लावायची. अक्षतांना रंग लावतो ते देवाला, तेही चिमूटभर. इथे किलोकिलो तांदूळ रंगवून कार्यक्रम झाल्यावर कचऱ्यात टाकणार असाल तर माझ्याच्याने बघवणार नाही.

—

काकू, राग कसला, माझ्या सासूबाईंनीही हेच विचारलं होतं आणि त्यानंतरच मी पद्धत बदलली. आता खायचे तांदूळ घेतच नाही. किडे लागलेले किंवा कपाटात मागे राहून जुनाट वास आलेले असतात ना, ते 4 दिवस फ्रीजरमध्ये ठेवते, मग चाळून रंगवते. आणि टाकत तर अजिबात नाही. 3 वर्षांपूर्वी रंगवलेले निळे तांदूळ अजून घट्ट झाकणाच्या बरणीत आहेत. रांगोळी झाली की रंग मिसळतातच, ते वेगळे करायच्या भानगडीत पडू नका, मोठ्या टबात ओतून वाट्या, चमचे, नरसाळं द्या. धाकटा तासभर नुसता या वाटीतून त्या वाटीत ओततो, इतका शांत तो एरवी कधीच नसतो. फक्त 3 वर्षांखालची मुलं असतील तर जवळ बसायलाच हवं, दाणा नाकात नाहीतर कानात जातो. आणि हे परत शिजवायचे नाहीत हेही मुलांना सांगा.

काकू, तुम्हीच या ना, अक्षता कशा करतात ते दाखवा. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घातला की ते लाल होतं, हळदीत चुना घालून कुंकू होतं ते तसंच, मुलं बघतच राहतील.

—

येते. कुंकू घरचं आणते. प्रत्येकाला घरून जुना तांदूळ आणायला सांगा, नवी पिशवी कुणी फोडू नका. फक्त माझ्यापुरती एक वाटी चांगले निवडलेले ठेवा, कणी नको. अक्षत म्हणजे न मोडलेला, आणि ते निवडायलाही मुलांनाच बसवू.