प्रति: मालक गेला की पबही संपतो?

'खेड्यातला पब मालकाच्या स्वभावावर चालतो आणि तो थकला की दाराला कुलूप लागतं' असं वर लिहिलंय. त्यातला पहिला भाग पटतो, दुसरा नाही. इंग्लंडच्या कंब्रियातलं हेस्केट न्यूमार्केट हे छोटं गाव पाहा. तिथल्या 'ओल्ड क्राउन' पबचे मालक जिम फर्नली यांनी 1988 मध्ये पबच्या मागच्या जुन्या कोठारात बिअर बनवायला सुरुवात केली. बहुतेक बिअरना नावं दिली ती आसपासच्या डोंगरांची. पुढे पब त्यांनी दुसऱ्यांना विकला, पण ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवायचा तो छोटा कारखाना, चालवत राहिले. ते निवृत्तीला आले तेव्हा 1999 मध्ये गावकऱ्यांनीच सहकारी संस्था काढून ब्रुअरी विकत घेतली. 2003 मध्ये पब विक्रीला निघाला. एखाद्या साखळी कंपनीच्या हाती तो जाऊ नये म्हणून शंभराहून अधिक लोकांनी शेअर विकत घेऊन तोही ताब्यात घेतला. आपल्या दूध सोसायटीसारखंच, एका सभासदाला एक मत.

फर्नलींचं मोठेपण मला यातच दिसतं. लोकांना जपावीशी वाटेल अशी जागा त्यांनी उभी केली, म्हणून ती त्यांच्यानंतरही टिकली. आता इंग्लंडमध्ये 2011 च्या लोकॅलिझम कायद्याचाही आधार आहे. पबची नोंद 'समाजोपयोगी मालमत्ता' म्हणून झालेली असेल, तर विक्रीच्या वेळी गावाला पैसे उभे करायला सहा महिने मागायची सोय त्या कायद्याने केली. मात्र गावालाच विकायची सक्ती त्या कायद्याने मालकावर केली नाही, त्यामुळे तो मनाने गावाचा असणं अजूनही फार महत्त्वाचं आहे.